रंग उडाल्यावर

माझा पहिला आलेख फार देखणा होता. आडव्या अक्षावर मिनिटं, उभ्या अक्षावर रंगाची तीव्रता, आणि डाव्या कोपऱ्यातून निघून उजवीकडे तळाला निवांत टेकलेली रेघ. दोन तासांत ९८ टक्के मिथिलीन ब्ल्यू गायब. सरांनी तो पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "लिहायला घ्या." सर एवढं बोलले की आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी वडापाव येत असे.

दिवाळीला इचलकरंजीत घरी गेले ती मोबाइलमध्ये फोटो घेऊनच. ओळीनं सात बाटल्या, पहिली गडद निळी, मधल्या उतरत्या निळ्या, शेवटची नळाच्या पाण्यासारखी. फराळाच्या ताटावर तो फोटो सगळ्यांकडे फिरला. आईला काही कळलं नाही, पण "छान आलाय" म्हणाली. मामांनी मात्र मोबाइल हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मामा एका प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, डाईंग मास्टर. आमच्या गावात माग चालवणारा, सायझिंगवाला, वहिफणीवाला आणि प्रोसेसवाला अशा चारच जाती असं वडील गमतीनं म्हणत. त्यातले मामा शेवटच्या जातीचे. नखांच्या कडा कायम काळसर-निळ्या.

"ह्यात रंग किती घातलावतास?"

"लिटरला १० मिलिग्रॅम."

मामा हसले. "आगं, आमच्यात बादली विसळली तर याच्यापेक्षा जास्त जातंय." मग मोबाइल परत देताना, करंजीचा तुकडा मोडता मोडता, "आणि रंग गेला, म्हंजे घाण गेली व्हय?"

पहिलं वाक्य मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्यानं माझी पुढची चार वर्षं खाल्ली.

आम्ही करत काय होतो ते आधी सांगते. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड हे अर्धवाहक. त्यांच्यावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की आतला एक इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात उडी मारतो आणि त्याच्या जागी एक पोकळी उरते. ही दोघं पुन्हा एकमेकांना भेटली तर नुसती उष्णता होते आणि काम वाया जातं. बहुतेक वेळा तसंच होतं. पण काही जोड्या कणाच्या पृष्ठभागापर्यंत पोचतात. तिथं पोकळी पाण्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो, इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. हायड्रॉक्सिल रॅडिकल हा असा खादाड प्राणी आहे की समोर आलेला कुठलाही सेंद्रिय रेणू तो कुरतडतो. निवड नाही, आवडनिवड नाही. हाच त्याचा गुण, आणि हाच दोष, हे मला पुढे कळायचं होतं.

लहानपणी आई वडिलांच्या पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लावून पत्र्यावर उन्हात टाकायची. साबण लागला की डाग आधी रागानं लाल व्हायचा, मग दुपारपर्यंत फिका पडायचा. हळद बिचारी उन्हापुढे आपणहून हार मानते. कापडाचे रंग मात्र ऊन, घाम, साबण कशालाही दाद देऊ नयेत म्हणूनच घडवलेले असतात. गिऱ्हाईक दुकानात विचारतं, "रंग पक्का आहे ना?" तो पक्का असतो, म्हणून तर ओढ्यातही टिकतो.

या विषयाचा जन्म सगळे लेख १९७२ सालापासून धरतात. टोकियोत आकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड आणि प्रकाश वापरून पाणी फोडलं, 'नेचर'मध्ये छापलं, आणि पाठोपाठ तेलटंचाई आल्यामुळे जगाचं लक्ष तिकडे गेलं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९३८ साली, इंग्लंडमध्ये गुडीव आणि किचनर यांनी हीच पांढरी पूड प्रकाशात रंग उडवते हे नोंदवलं होतं. घराच्या भिंतीला लावतो त्या पांढऱ्या रंगात हीच पूड असते. ऊन खाऊन खाऊन ती आपल्याच भोवतीचा चिकट पदार्थ खाते आणि भिंतीवर हात फिरवला की खडूसारखी भुकटी हाताला लागते. रंग बनवणाऱ्यांनी हा खोडसाळपणा थांबवायला कणांवर सिलिका-ॲल्युमिनाची पांघरुणं घातली. आम्ही नेमका तोच खोडसाळपणा वाढवायला शिष्यवृत्ती घेत होतो.

मामांच्या प्रश्नानंतर मी माझ्याच वह्या उलट्या दिशेनं वाचायला लागले. पहिली चूक लगेच सापडली. दिवा लावण्याआधी पूड आणि रंग अर्धा तास अंधारात ढवळायचे असतात. कणांवर जेवढा रंग नुसता चिकटणार तेवढा आधी चिकटू द्यायचा, मग घड्याळ सुरू करायचं. मी ते केलं होतं, पण घाईत, पाचेक मिनिटं. पुन्हा केलं तर माझ्या ९८ मधला मोठा वाटा अंधारातच गेला. पूड गाळून पाहिली तर ती निळी! रंग फक्त पाण्यातून उठून पुडीवर जाऊन बसला होता. ओट्यावर सांडलेला चहा फडक्यानं टिपल्यावर चहा नाहीसा झाला असं कुणी म्हणत नाही.

दुसरी चूक म्हणावी की धडा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एका संध्याकाळी दिव्याखालची बाटली पूर्ण रंगहीन झाली, मी तशीच टेबलावर ठेवून बस पकडली. सकाळी कुलूप काढून आत आले तर बाटलीच्या वरच्या बोटभर पाण्यात निळा रंग परत आलेला. आधी मला वाटलं कुणीतरी खोडी काढली. बाटली हलवली तर सगळीच निळसर झाली.

तीन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. मिथिलीन ब्ल्यूला दोन इलेक्ट्रॉन दिले की त्याचं रंगहीन रूप तयार होतं. रेणू शाबूत, फक्त रंगाचा कोट काढून ठेवलेला. हवेतला ऑक्सिजन लागला की कोट पुन्हा अंगावर. मी बाटली गळ्यापर्यंत भरून बूच घट्ट लावलं होतं, त्यामुळे आत ऑक्सिजन लवकर संपला. आणि पूड बनवताना वापरलेलं सायट्रिक आम्ल नीट जळून गेलं नव्हतं, त्यानं पोकळ्या गिळून इलेक्ट्रॉनांना मोकळं रान दिलं. म्हणजे दोन तास मी काहीच तोडलं नव्हतं. पाण्यात रंगाचा रेणू जसाच्या तसा होता, फक्त मला दिसत नव्हता.

मामांना फोन करून हे सांगितलं. त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. "व्हॅटचा रंग असाच असतोय की. हायड्रोस टाकला की उतरतोय, हवा लागली की चढतोय." हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. निळीची सगळी रंगाई याच खेळावर चालते. मी ज्यावर तीन दिवस घालवले ते त्यांच्या खात्यात दहावी नापास पोरालाही ठाऊक होतं.

पुढच्या सुट्टीत मामांनी पाच लिटरचा खाद्यतेलाचा कॅन पुढ्यात ठेवला. वर खडूनं लिहिलेलं: जेट ३, काळा. जेट म्हणजे कापड रंगवायचं यंत्र. "कुणाचं ते इचारायचं न्हाई," एवढीच अट. बूच काढलं तर कोमट वाफ, ओल्या सोड्याचा वास, आणि पाणी असं काळं की कडेला धरल्यावर जांभळट दिसावं. पीएच ११ च्या आसपास.

या पाण्यात काय काय असतं ते मला पुस्तकांतून माहीत होतं, पण मामांनी सांगितल्यावर समजलं. सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग चढवायचा तर रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलायला मीठ लागतं. काळ्यासारख्या गडद रंगाला लिटरमागे ६०-८० ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात ते ३५ ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे हे पाणी समुद्राच्या दुप्पट खारट. मग रंग धाग्याशी कायमचा जोडायला सोडा ॲश. पण रंगाचे काही रेणू धाग्याऐवजी पाण्याशीच जोडले जातात आणि निकामी होतात. ते धुऊन काढावेच लागतात, नाहीतर पहिल्या धुण्यात गिऱ्हाईकाची साडी रंग सोडते. शिवाय सायझिंगची खळ, साबण, कापसातली मेणं.

माझं झिंक ऑक्साइड त्यात टाकून दिवा लावला. एक तास, दोन तास, चार तास. काही नाही. सरळ कारण होतं: पाणी इतकं गडद की प्रकाश काचेपासून आत शिरतच नव्हता, पूड मधोमध अंधारात भिरभिरत होती. दहापट पाणी घालून पातळ केलं, थोडा फरक पडला. दुसरं कारण असं की त्या पीएचला पुडीचा पृष्ठभाग ऋण भारित आणि रंगाचा रेणूही ऋण भारित, दोघं एकमेकांपासून तोंड फिरवून बसलेले. तेव्हा आम्ल घालून पीएच उतरवावा असं ठरवलं.

तो प्रसंग प्रयोगशाळेत अजून सांगतात. मूळ पाण्याचा मोठा चंबू घेतला, पूड त्यातच होती, आणि मी सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबानं नव्हे, धारेनं ओतलं. सोड्यातला कार्बन डायऑक्साइड जो उफाळला, तो काळा फेस चंबूतून टेबलावर, टेबलावरून माझ्या पांढऱ्या कोटावर आणि तिथून फरशीवर. पुसून झाल्यावर पीएच पाहिला तर ३. आणि चंबूत जे उरलं ते अगदी नितळ काळं. गढूळपणा गेलेला. पूड कुठे गेली? झिंक ऑक्साइड आम्लातही विरघळतं आणि तीव्र अल्कलीतही. महिनाभर भट्टीजवळ बसून केलेला माझा उत्प्रेरक जस्ताचं मीठ होऊन पाण्यात मिसळून गेला होता. प्रदूषणात भर घातली ती मीच. तो कोट मी धुतला नाही, खुंटीला तसाच ठेवला.

तिथून मी टायटॅनियम डायऑक्साइडकडे वळले. ते आम्लाला, अल्कलीला सहसा भीक घालत नाही. त्याची अडचण वेगळी: ॲनाटेस रूपाला ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरच्या अलीकडचा अतिनील प्रकाश. सूर्यप्रकाशात असा भाग जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून निम्मं जग दृश्य प्रकाशात चालणारे पदार्थ शोधत असतं: बिस्मथ व्हॅनाडेट, युरिया किंवा मेलामाइन तापवून मिळणारं पिवळं कार्बन नायट्राइड, कशाकशात मिसळलेलं चांदी-तांबं. मीही काही बनवले. पण इथं मला एक तक्रार नोंदवायचीच आहे. दृश्य प्रकाशात चालतं हे सिद्ध करायला लोक पुन्हा मिथिलीन ब्ल्यूच वापरतात, आणि तो रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषून पुडीला इलेक्ट्रॉन देतो आणि मोडतो. साक्षीदारच गुन्ह्यात सामील. रंगहीन फिनॉल घेऊन तीच पूड तपासा म्हटलं की बऱ्याच सुंदर रेघा आडव्या होतात. माझीही एक झाली. ती मी प्रबंधात ठेवली, सर आधी नको म्हणत होते, मग म्हणाले, "असू दे, परीक्षकाला काहीतरी विचारायला होईल."

आता मामांच्या मूळ प्रश्नाकडे. रंग गेला म्हणजे घाण गेली का, हे मोजायचं तर सीओडी काढायचा, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप. नमुन्यात पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून १५० अंशांवर दोन तास शिजवायचं, मग उरलेलं डायक्रोमेट मोजायचं. मिठातलं क्लोराइड आकडा बिघडवतं, म्हणून पाऱ्याचं संयुग घालायचं. पाणी किती घाण आहे हे कळावं म्हणून पारा आणि क्रोमियमची बाटली भरायची, हा विनोद मला तेव्हाही टोचायचा. टेबलाखालच्या त्या टाकाऊ बाटल्या भरत गेल्या आणि आकडे वहीत.

मामांच्या काळ्या पाण्याचा पातळ केलेला नमुना टायटॅनियम डायऑक्साइडसह सहा तास उन्हात ठेवल्यावर नव्वद टक्क्यांहून जास्त रंग गेला. सीओडी एक तृतीयांशही उतरला नव्हता.

का, ते कागदावर सोपं आहे. त्यांच्या भाषेतला 'ब्लॅक बी', पुस्तकातला रिॲक्टिव्ह ब्लॅक ५, याच्या रेणूत दोन अझो बंध असतात. त्याचा काळा-निळा दिमाख त्या बंधांमुळे. रॅडिकलनं तो बंध तोडला की रंग गेला. पण दोन्हीकडचे बेंझीन-नॅफ्थलीनचे तुकडे पाण्यातच राहतात, आणि ते डोळ्याला दिसत नाहीत. त्यांचा कार्बन डायऑक्साइड होईपर्यंत खूप वेळ आणि खूप प्रकाश लागतो. त्यातून आपला खादाड प्राणी निवड करत नाही: खळ समोर आली खळ खातो, साबण आला साबण खातो, सोड्यातल्या कार्बोनेटवर तर नुसताच वाया जातो. रंगाच्या वाट्याला येतं ते उष्टं.

आणि मग २०१२चा उन्हाळा आला. इचलकरंजीत काविळीची मोठी साथ पसरली, माणसं दगावली. आमच्या गल्लीत घरटी एक डोळे पिवळे. धाकटी चुलतबहीण दवाखान्यात होती, मी रजा घेऊन तिच्या उशाशी बसायचे. साथ सांडपाणी मिसळलेल्या पिण्याच्या पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूची, रंगाशी तिचा काही संबंध नव्हता. पण मी पाण्याचा पेला उजेडात धरून पाहायचे. अगदी स्वच्छ. माझ्या बाटल्यांच्या फोटोतल्या सातव्या बाटलीसारखं. त्या फोटोचं मी प्रबंधासाठी मुखपृष्ठ करणार होते. परत गेल्यावर तो बेत सोडून दिला.

उरलेलं काम बरंचसं सुतारकामासारखं होतं. पूड पाण्यात टाकली तर परत काढायची कशी? वीसेक नॅनोमीटरचे कण, कागदातून निसटतात. प्रयोगशाळेत दहा मिलिलिटरच्या नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून भागतं. प्रोसेसमध्ये दिवसाला लाखो लिटर. म्हणून काचेवर थर चढवायचा. काचवाल्याकडून खिडकीच्या काचेचे तुकडे आणले, थर दिला, ४५० अंशांवर भाजला. काम होईना. साध्या काचेतलं सोडियम तापताना थरात चढतं आणि त्याला मंद करतं हे मागून वाचलं. मध्ये सिलिकाचा एक थर दिल्यावर जमलं. गच्चीवर त्या काचा तिरक्या लावल्या, वरून पाण्याची पातळ चादर सोडली, खाली टब, आणि टबातून पाणी वर चढवायला कूलरचा पंप. मे महिन्यातलं कोल्हापुरी ऊन फुकट. पाण्यातल्या मोकळ्या पुडीच्या मानानं वेग बराच कमी, पण गाळायची भानगड नाही.

मामा एकदा बघायला आले. चप्पल काढून गच्चीवर उकिडवे बसले, पाणी काचेवरून उतरताना पाहत राहिले. मी सगळं सांगितलं: मीठ, सोडा, सीओडी, उष्टं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू तेच पाणी कशापायी घेतीस? सगळी पाणी एकाच गटारीत सोडतोय आम्ही, म्हणून तुला सगळ्यात वंगाळ घावलं."

जेटमधून एका रंगाईला पाणी एकदा निघत नाही. पहिलं रंगाचं, मग गार धुवण, मग ॲसेटिक आम्लाचं, मग साबणाचं गरम, मग गरम धुवण, शेवटी पुन्हा गार. पहिल्या पाण्यात सगळं मीठ आणि बराचसा निकामी रंग. शेवटच्या धुवणात मीठ नावाला, पीएच जवळजवळ नदीसारखा, रंग मात्र अजून आहेच, म्हणून तेही टाकून द्यावं लागतं. मामांनी पुढच्या खेपेला सहा बाटल्या आणल्या, क्रमानं, प्रत्येकीवर खडूनं आकडा.

सहाव्या बाटलीचं पाणी दोन दुपारींत रंगहीन झालं. महत्त्वाचं म्हणजे सीओडीही त्याच्या मागोमाग उतरला. पाचवीचं झालं, पण चौथ्या दिवशी. साबणाच्या चौथीनं काचेवर नुसता फेस केला. पहिलीला मी हातही लावला नाही. तिच्यासाठी मीठ परत मिळवायच्या वेगळ्या वाटा आहेत, तो माझा प्रांत नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "मग थोडक्यात, तुमचा पदार्थ चालतो की नाही?" मी म्हटलं, "सहाव्या पाण्यावर चालतो." त्यांना कळलं नाही, पुन्हा सांगावं लागलं.

आता मी एका महाविद्यालयात शिकवते. गच्चीवर काचा आहेत, पंप तिसरा आहे. मामा निवृत्त झाले. सहावं पाणी पुन्हा पहिल्या गार धुवणाला वापरता येईल का, हे खूळ त्यांचंच. पाणी बघून काय कळत नाही, पांढऱ्या कापडावर घालून बघ, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आम्ही ब्लीच केलेल्या कापडाचे दोन सारखे तुकडे घेतले, एक नळाच्या पाण्यात धुतला, एक काचेवरून उतरलेल्या पाण्यात, आणि सावलीत वाळवले. मला आणि माझ्या विद्यार्थिनीला दोन्ही सारखे दिसले. रंग मोजणाऱ्या यंत्रानंही फरक नगण्य दाखवला.

मामांनी दोन्ही तुकडे दारात नेले, ऊन टाळून उजेडाकडे धरले, अदलाबदल केली, पुन्हा धरले.

"ह्यो जरा पिवळा मारतोय."

"मामा, यंत्र तर…"

"लिहून ठेव."

विद्यार्थिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं वहीत तारीख घातली आणि यंत्राच्या आकड्याखाली लिहिलं: चौथी फेरी, किंचित पिवळट, मामा.